धरमुळी उपटायची नसते

सुलोचनाअक्कांनी आयुष्यात कधी फासा हातात धरला नाही, आणि तरी आमच्या टेबलावर शब्द चालला तो त्यांचाच. फासे म्हणजे जुगार आणि त्यांच्या जैन घरात जुगार वर्ज्य, मग खेळ कसलाही असो. त्यामुळे त्यांची पाळी आली की शेजारी बसलेले धनाजीभाऊ त्यांच्या वाट्याचा फासा टाकायचे, आणि दान कमी पडलं की अक्का त्यांनाच झापायच्या. "मिल्ट्रीत गोळी बी अशीच टाकत हुतास व्हय रं?" धनाजीभाऊ निवृत्त हवालदार, जतकडचे. लहानपण मेंढरांमागे गेलं आणि नोकरी बर्फात. दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकून घेतलं नसतं. अक्कांपुढे मात्र फासा सदऱ्याला पुसायचे आणि पुढच्या वेळी बघू म्हणायचे.

हे मी रागात लिहिते आहे, आधीच सांगून ठेवते. मी एका कॉलेजच्या भांडारात नोकरी करते. कुठली वस्तू कुणाची, कुठून आली आणि कुणाकडे गेली याच्या याद्या ठेवणं हे माझं काम, आणि आता स्वभावही. अक्कांची एक बाग दुसऱ्याच्या नावावर खपते आहे, तीसुद्धा मोडतोड करून. ती जागेवर आणून ठेवावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी खेळ काय ते सांगते, कारण पुष्कळांना माहीत नसतो. टेबलाभोवती बसून खेळायचा कल्पनेचा खेळ. एकजण गोष्ट चालवतो: जंगल आहे, गुहा आहे, गुहेत ड्रॅगन आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी तलवारबाज, कुणी चोर, कुणी जादूगार. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशावर ठरायचं. माझ्या मुलीने, मुक्ताने, हा खेळ पुण्याहून आणला. सुट्टीभर आमच्या सांगलीतल्या, विश्रामबागेतल्या घरी पोरांचा गोंधळ चालला. मग तिला बंगळुरूला नोकरी लागली, पोरं पांगली आणि फासे राहिले. चांगली सुरू झालेली गोष्ट अर्धवट सोडणं मला जमत नाही, म्हणून खेळ चालवायला मी बसले. धनाजीभाऊ तलवारबाज झाले. कोपऱ्यावरच्या शाळेत शिकवणारी नीलिमा चोर झाली. इतकी सरळ बाई मी पाहिलेली नाही, म्हणूनच बहुतेक.

अक्का समोरच्या घरात राहायच्या. त्यांच्या यजमानांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. यजमान गेल्यावर मुलाने ती पुढे चालवली आणि अंगणात मोटारींसाठी फरशी घातली. आमच्या टाकीचं पाणी वाहतंय हे सांगायला एका रविवारी त्या आल्या. आमचं तेव्हा जंगल चाललं होतं. नीलिमाने नुकतंच जाहीर केलं होतं की औषधी वनस्पती दिसतील तेवढ्या ती उपटून पिशवीत भरते आहे. अक्का दारातच थांबल्या. पाणी वाहतंय ते राहिलं बाजूला.

"समदं उपटलंस, तर उद्या येणाऱ्यानं काय करायचं?"

नीलिमा म्हणाली, अक्का, हे खोटं जंगल आहे.

"खोटं तर खोटं. उद्या खोटाच कोणतरी येईल की."

मी त्यांना खुर्ची दिली. असा प्रश्न विचारणारं माणूस खेळात हवंच असतं. त्यांना वैदीण हे पात्र दिलं, जंगलात राहून औषधपाणी करणारी. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाल्या, सुलोचना. पात्राला वेगळं नाव ठेवतात असं मी समजावून सांगितलं. त्यांचं म्हणणं, जे करणार ते मीच करणार, मग नाव दुसऱ्याचं कशाला? हे वाक्य पुढे मला फार आठवलं.

पात्र वेगळं आणि आपण वेगळे, हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. एकदा डोंगराच्या पोटातल्या बुटक्यांच्या राजाने आम्हाला मेजवानी दिली. मी मोठ्या हौसेने तयारी केली होती: लांबच लांब पंगत, भाजलेले कंद, रानमधाचे हंडे. अक्कांनी विचारलं, बाहेर दिवस आहे का मावळलाय? मी सहज मावळलाय म्हणाले. झालं. सुलोचना वैदीण जेवणार नाही. दिवस मावळल्यावर अन्न नाही, कंद तर दिवसाही नाही आणि मधाचं नावच काढू नये. राजाला अपमान वाटला. फासा टाकला, त्याला भलताच वाटला. भाले निघाले. धनाजीभाऊ कळवळून म्हणाले, "अक्का, आवं तुमी न्हाई, ती वैदीण जेवणार हाय. तुमच्या घशाखाली काय बी जाणार न्हाई."

"आन् तिच्या घशाखाली कोण घालणार? मीच न्हवं?"

तो अख्खा रविवार राजाची समजूत काढण्यात गेला. शेवटी अक्कांनी त्याला सांगितलं की सकाळी न्याहारीला येते, फक्त जमिनीच्या वरचं काहीतरी कर. राजाने भाकरी आणि ताक केलं. पुढे तोच बुटका राजा आमचा सगळ्यात भरवशाचा मित्र झाला. तलवारीने मिळवलेला एकही नाही टिकला.

बाग त्यातूनच उभी राहिली. खेळातल्या आमच्या गावाबाहेर एक पडीक तुकडा होता. तो अक्कांनी मागून घेतला आणि दर रविवारी एखादं जादूचं झाड लावू लागल्या. या खेळाच्या पुस्तकांमध्ये जादूच्या वनस्पती ढिगाने असतात. सगळ्यांचं रूप एकच: उपटा, कुटा, प्या, ताकद वाढवा. अक्कांनी त्यातली एकही घेतली नाही. त्या घरून विचार करून यायच्या आणि कंपाउंड कुठवर आहे ते सांगावं इतक्या खात्रीने सांगायच्या. उजेडी नावाचं झुडूप दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळी त्याची फुलं आपोआप गळतात. गळलेलं फूल गुहेत दिव्यासारखं चालतं. तोडलेलं फूल हातात काळं पडतं. माघारपान चपलेत घातलं की वाट चुकत नाही, पण कधी परत येणार ते घरच्यांना सांगून निघाला असाल तरच. उसासवेलीला टेकून बसलं की वेल उसासा टाकते आणि आपला थकवा जातो. दिवसाला एकाच माणसाचा. का, म्हणून नीलिमाने विचारलं, तर उत्तर आलं, "ती बी दमती की." आणि दिवस मावळला की बागेचं फाटक बंद. बाहेर कुणी कितीही मरायला टेकलेलं असो, झाडं निजली म्हणजे निजली.

बागेचा जीव होता धरमुळी. जमिनीवर नुसती चार पानं आणि खाली माणसाच्या पंजासारखं मूळ. जखमी माणसाने आपला हात तिच्याशेजारच्या मातीत खुपसायचा. मूळ तो हात धरतं. जखम भरेपर्यंत सोडत नाही आणि तोवर माणसाने जागचं हलायचं नाही. किती वेळ, ते धरमुळीच्या मनावर.

आमच्या टेबलाचा सगळ्यात गाजलेला खेळ या धरमुळीपायीच झाला. धनाजीभाऊंच्या तलवारबाजाला पोटात भाला लागला होता आणि लांडग्यांवर बसलेले शत्रू फाटकाशी येऊन पोचले होते. नीलिमाचं म्हणणं रास्त होतं: धरमुळी उपटू, वाटेत त्याला चारू, पळू. अक्का नाही म्हणाल्या. त्याचा हात मातीत घालायचा आणि तो सुटेपर्यंत आपण फाटक लढवायचं.

"अक्का, हिकडं माझा जीव चाललाय," धनाजीभाऊ म्हणाले, "आन् तुमी झाडाची मर्जी बघत बसलाय."

"जाऊ दे की तुझा जीव. तुझ्यापायी झाड का मरंल?"

धनाजीभाऊ इतके हसले की चहा सांडला. मग हसू थांबवून त्यांनी आपला खरा हात टेबलावर पालथा ठेवला आणि सांगितलं, घातला मातीत. दुपारभर त्यांनी तो हात उचलला नाही. त्यांचे फासे नीलिमा टाकत होती, अक्कांचे मी. एक चोर आणि एक म्हातारी वैदीण यांनी ते फाटक कसं राखलं, हे आमच्या घरी अजून सांगितलं जातं. धरमुळीने हात सोडला तेव्हा नीलिमा खरोखर रडत होती.

त्या दिवशी नंतर पोहे खाताना धनाजीभाऊंनी अक्कांना डिवचलं. म्हणाले, "एक इचारू? तुमचं घर हळदीवर उभं हाय. हळद काय झाडाला लोंबती व्हय?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी ताटली खाली ठेवली. "वाळलेली चालती आमच्यात. ओली न्हाई चालत. पण वाळवायच्या आदी कोणतरी उपटलीच न्हवं? मला काय म्हाईत न्हाई व्हय ते?" मग म्हणाल्या, "घरात मला कोण इचारत न्हाई. यार्डात त्याहून न्हाई. हितं तुमी इचारता, सुलोचना काय करती म्हणून. तवा हितं न्हाई उपटायचं. येवढं एक माझं राहू द्या."

त्यानंतर आमच्या टेबलावर कुणी काही उपटलं नाही. तसा ठराव वगैरे झाला नाही.

आता रागाची गोष्ट. दर थंडीत साताऱ्यात एका मंगल कार्यालयात हा खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरतो. सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर, पुण्याहून मंडळी येतात. जिथे एरवी वऱ्हाड उतरतं तिथे दिवसभर टेबलं मांडून ड्रॅगन मारले जातात. आम्ही अक्कांना घेऊन गेलो. सगळ्या कार्यालयात नऊवारीतल्या त्या एकट्याच. पोरांना आधी गंमत वाटली, मग त्यांच्या टेबलाभोवती गर्दी झाली. मेळाव्याचा संयोजक तिशीतला, गोडबोल्या. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याने आमचं लिहिलं नाही. त्याने अक्कांना खुर्ची दिली, पाणी दिलं, फोन पुढे ठेवला आणि म्हणाला, आजी, तुमच्या बागेबद्दल सांगा ना, सगळ्यांना खेळता येईल असं काहीतरी करू. अक्का खुलल्या. दुपारभर बोलल्या. एकेक झाड, त्याची तऱ्हा, त्याच्या खोडी. घरी येताना मला म्हणाल्या, पोरगं गुणाचं आहे, मध्ये बोलत नाही.

मध्ये बोलायची त्याला गरज नव्हती. फोन सगळं टिपत होता.

पुढच्या वर्षी गेलो तर दारातच मांडणी. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तिका: कल्पनेच्या खेळासाठी जादूची बाग. लेखक, तो. मी उभ्या उभ्या चाळली. उजेडी होती, माघारपान होतं, उसासवेल होती. अक्कांनी ठेवलेलं एकेक नाव जसंच्या तसं. पण बागेचं फाटक रात्रीही उघडं. उसासवेल हवी तेवढ्यांनी वापरावी. उजेडीची फुलं तोडून साठवावीत. आणि धरमुळीचं पान उघडलं तर तिथे: उपटा, चावा, जखम तात्काळ बरी. वनस्पती नष्ट होते. शेजारी चित्र, मूठ आवळलेलं मूळ हवेत धरून हसणारा तलवारबाज.

अक्कांनी चष्मा लावून सगळी पुस्तिका वाचली. ओळ सोडली नाही. मांडणीपाशी गर्दी होती, लोक त्यांना वळसा घालून जात होते. वाचून झाल्यावर त्यांनी परत धरमुळीचं पान काढलं आणि त्यावर तळहात ठेवला.

मी संयोजकाला गाठलं. माझी पद्धत अशी की ओरडायचं नाही, मुद्दे सांगायचे. तू आमच्या माणसाकडून ऐकलंस, न विचारता छापलंस, वर तुझं नाव घातलंस आणि जे छापलंस ते उलटं करून छापलंस. यातला कुठला मुद्दा खोटा आहे तो सांग. त्याने एकही खोटा म्हटला नाही. आजींची प्रेरणा आहेच, तो म्हणाला, मी कुठे नाकारतोय? पण खेळायला लोकांकडे एक दुपार असते. मातीत हात घालून बसून राहायला कोण येतं? पोरांना चटकन काहीतरी हातात लागतं तेव्हा मजा येते. आणि झाडं काही कुणाच्या मालकीची नसतात, काकू.

मला काकू म्हणालेलं चालतं. बाकीचं चालत नाही. हेच झाड त्याच्या पुस्तिकेतून उचलून उद्या दुसऱ्याने छापलं तर तेव्हाही मालकी नसणार का, असं मी विचारलं. आजूबाजूला लोक जमले होते. धनाजीभाऊ त्याच्यामागे येऊन उभे राहिले होते, नुसते उभे, पण हवालदाराने मागे उभं राहणं कसं असतं ते त्याला जाणवलं असावं. त्याने तोडगा काढला. प्रत्येक प्रतीवर पट्टी चिकटवू: मूळ कल्पना, सुलोचना मगदूम, सांगली. आजच, आत्ताच. मात्र आतलं बदलायचं तर सगळं पुन्हा छापावं लागेल, ते शक्य नाही.

मी अर्धी लढाई जिंकले होते. उरलेली पुढच्या आवृत्तीला लढू, असा माझा हिशोब. मी अक्कांकडे वळले.

"नाव नको," अक्का म्हणाल्या.

संयोजकाला वाटलं आजी मोठ्या मनाने बोलताहेत. तो हसून हात जोडायला लागला. अक्कांनी त्याला थांबवलं.

"ह्याच्यावर माझं नाव घातलंस, तर ती मी उपटली आसं व्हईल. तू उपटलीयास, तुझंच नाव राहू दे."

हसू तसंच त्याच्या तोंडावर राहिलं आणि मग काय करायचं ते न कळून गेलं. आणि मी? मी अक्कांवर चिडले. इतकं सोपं करून दिलं त्यांनी त्याला. मी त्यांना बाजूला घेऊन सांगत होते की हे असं सोडतात का, मी लेखी घेते, मी मुक्ताला फोन लावते, तिच्या ओळखीत वकील आहे. अक्का माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

"कुठलं टेबल मोकळं हाय?"

कोपऱ्यात कॉलेजची काही मुलं नुकतीच बसली होती. मधोमध तीच पुस्तिका. अक्का जाऊन बसल्या. मी वैदीण, म्हणाल्या, फासा तुमच्यातला कोणतरी टाका. आणि त्याच पुस्तिकेतल्या त्याच मोडलेल्या बागेत त्या दुपारभर खेळल्या. कुंडलची एक मुलगी त्यांचे फासे टाकत होती. पाळी आली की पोरं म्हणायची, आजी, उपटा. अक्का म्हणायच्या, मी उपटत न्हाई, मी हात मातीत घालतो. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल करतो, जातो म्हणायच्या. खेळ चालवणारा मुलगा पुस्तिका दाखवायचा: आजी, इथे तसा नियमच नाही. "तुझ्यात न्हाई. मी काय करतो ते मी सांगणार न्हवं?" त्याचं काही चालेना. मग त्यालाच उत्सुकता वाटू लागली की हात मातीत घातला तर काय होईल. शेवटी शेवटी त्या टेबलावरून कुणी उठून चहालाही जात नव्हतं.

मी लांबून बघत होते आणि माझा राग उतरत नव्हता. एका टेबलाने काय होणार? त्याच्या मांडणीवरच्या प्रती भराभर जात होत्या.

परतताना गाडी मी चालवत होते. धनाजीभाऊ मागच्या सीटवरून त्या संयोजकाचं काय काय करता येईल ते फौजी हिंदीत सांगत होते. ते लिहिण्यासारखं नाही. दिवस कलला तशी अक्कांनी कऱ्हाडच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला बसून डबा उघडला. मला राहवेना. मी म्हणाले, नाव सोडलंत तुम्ही अक्का. साधं नावसुद्धा. पुढच्या पोरांना कळणारही नाही तुम्ही होतात म्हणून.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "राग तू कर, बाई. तुला चांगला येतो. मी खेळतो."

अक्का पुढच्या पावसाळ्यात गेल्या. आदल्या रविवारी येऊन खेळून गेल्या होत्या, बागेत कुंपणाला एक नवी वेल लावायची म्हणत होत्या. तिचं काय वैशिष्ट्य, ते पुढच्या वेळी सांगणार होत्या. त्यांच्या मुलाने आम्हाला पाहिलं आणि विचारलं, आई तुमच्याकडे भिशीला यायची, ना? शोकसभेत एकामागून एक वक्ते उठले. धर्मपरायण होत्या, कुटुंबवत्सल होत्या. एकजण म्हणाले, स्वभावाने अतिशय शांत. धनाजीभाऊंना ठसका लागला, ते उठून बाहेर गेले. मी मुलाला नंतर सांगितलं की तुमच्या आईने मोठी बाग केली होती. त्याने फरशी घातलेल्या अंगणाकडे पाहिलं आणि विचारलं, कुठे? आमच्या टेबलावर, मी म्हणाले. त्याने मान हलवली, दुःखात बोलणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून हलवतात तशी. एका बाईने एवढं जग उभं केलं, आणि तिच्याच घराला ती भिशी वाटली. याची तक्रार कुणाकडे नोंदवायची, तेवढं मला अजून कळलेलं नाही.

त्या थंडीत साताऱ्याला जायचं माझ्या मनात नव्हतं. नीलिमाने ओढून नेलं. दारात तीच मांडणी, पुस्तिकेची दुसरी छपाई, वर तेच नाव. पुन्हा छापणं शक्य नाही म्हणाला होता. छापलीच की. आत धरमुळी तशीच उपटलेली. मी पुस्तिका परत जागेवर ठेवली, सरळ, कोपरा जुळवून, कारण हातातली वस्तू वेडीवाकडी टाकायची मला सवय नाही. आणि आत गेले.

एका टेबलामागून जाताना कानावर आलं. एक मुलगा म्हणत होता, "मी धरमुळी उपटतो आणि चावतो." आणि खेळ चालवणारी मुलगी त्याला म्हणाली, "उपटायची नसते ती. हात मातीत घाल. ती सोडेपर्यंत बाकीच्यांनी फाटक लढवायचं."

"अगं पण पुस्तकात तर उपटा लिहिलंय."

"पुस्तकात चुकीचं छापलंय," ती म्हणाली, अगदी सहज, पुढचं पान उलटत.

मी थांबले. कुंडलचीच मुलगी. गेल्या वर्षी फासे टाकणारी. तिने मला ओळखलं नाही; ओळखायचं कारण नव्हतं. शेजारच्या टेबलाकडे कान दिला. तिथेही एकाने पालथा हात टेबलावर ठेवला होता आणि तो चहाचा कप दुसऱ्या हाताने पीत होता. ते टेबल कोल्हापूरचं होतं. त्यांना कुणी सांगितलं असेल, देव जाणे.

मी त्या मुलीला विचारलं, असं खेळायचं हे तुला कुणी शिकवलं?

"गेल्या वर्षी एक आजी आल्या होत्या. आता कुंडलात आम्ही सगळे असंच खेळतो."

"त्या आजींना नाव होतं," मी म्हणाले.

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचेही वळून बघायला लागले. नीलिमा माझी बाही ओढत होती. अक्कांनी नाव नको म्हटलं होतं, मला माहीत आहे. का नको म्हटलं होतं, तेही माहीत आहे. मी पर्समधून पेन काढून त्या मुलीच्या हातात दिलं. आधी तिला पुस्तिकेतल्या धरमुळीच्या पानावरचा 'उपटा' हा शब्द खोडायला लावला, दोनदा, खालचं दिसणार नाही असा. त्याच्या जागी 'हात मातीत घाला' लिहून घेतलं. आणि मग पानाच्या वर, जिथे पुरेशी जागा होती, तिथे तिला हळूहळू सांगितलं आणि तिने लिहिलं: सुलोचना बाबगोंडा मगदूम, सांगली.